निष्ठेचा रकाना

भाचीचा अमेरिकेच्या व्हिसाचा अर्ज भरताना मी शेजारी बसलो होतो. हेरगिरी करण्याचा विचार आहे काय? दहशतवादी कारवाया करणार काय? पोरगी भराभर ‘नाही’ करत सुटली होती. मध्येच म्हणाली, “मामा, कुणी ‘हो’ म्हणतंय काय?”

असाच कागद पूर्वी चेस्टरटन या इंग्रज लेखकापुढे आला होता. तुम्ही अराजकवादी आहात काय, असे त्यात विचारले होते. त्याने पुढे पुस्तकात या प्रश्नांची यथेच्छ टर उडवली. खरेच, लबाडाला असल्या प्रश्नाची कसली भीती? अडतो तो खरे बोलणारा.

तो कसा अडतो, हे त्याच अमेरिकेत १९४३ साली दिसले. आदल्या वर्षी तिथल्या सरकारने जपानी वंशाच्या लाखाहून अधिक माणसांना घरादारातून उठवून छावण्यांत कोंडले होते. त्यांतली बहुसंख्य जन्माने अमेरिकन. त्यांच्यापुढे प्रश्नावली ठेवली गेली. अठ्ठाविसावा प्रश्न असा, की अमेरिकेशी पूर्ण एकनिष्ठ राहून जपानच्या सम्राटावरची निष्ठा सोडता काय? ज्या पोराने जपान पाहिलाच नाही, त्याने सोडायचे काय? ‘हो’ म्हणावे तर निष्ठा होती अशी कबुली, ‘नाही’ म्हणावे तर देशद्रोही! आईबापांची गत आणखी वाईट. कायदा त्यांना अमेरिकन होऊ देत नव्हता. जपानही सोडला तर ते कुठलेच उरत नव्हते. ‘नाही’ लिहिणाऱ्यांची रवानगी ट्यूल लेकच्या छावणीत झाली. सरकारने माफी मागितली ती १९८८ साली. इथे चेस्टरटनची थट्टा कुणाला परवडणार?

आम्हां सीमाभागातल्या माणसांवर तशी वेळ आली नाही, देवाची कृपा. पण १९५६ पासून ‘तुम्ही कुठले?’ हा प्रश्न इथे साधा राहिलेला नाही. एक सांगितले की दुसरे नाकारले, असे विचारणारा धरून चालतो. माझे वडील कन्नड फर्डे बोलत. कुणा साहेबाने खोचून विचारले की म्हणत, “घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि पोस्टात ज्या खिडकीला रांग कमी ती भाषा.” साहेबही हसत.

शिरगणतीवाला आला की मात्र थट्टा बंद. मातृभाषेच्या रकान्यापाशी ते “मराठी” एवढेच सांगत. मग चष्मा चढवून, कागदावर वाकून, त्याने काय लिहिले ते पाहत. आणि त्यानंतरच त्याला कन्नडमधून चहाचा आग्रह करीत.