आधी धुराडं, मग चूल

धाकटी पंढरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नारायणगडाच्या आसपासच्या गावांत आणि वस्त्यांवर मी चुली घालते. माती कालवायला बसण्याआधी मी घरातल्या बाईला एकच गोष्ट विचारते, धूर कुठून काढायचा? बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, "जाईल की दारातून." त्या दारातूनच घरात हवा येते, दाराशीच लेकरू खेळत असतं आणि म्हातारी टेकून बसलेली असते.

गॅस आला, आता चुलीचं काय एवढं, असं शहरातले पाहुणे म्हणतात. 2016 साली उज्ज्वला योजना आली आणि सिलिंडर खेड्यात पोहोचलं, हे खरंच. चहा-दूध गॅसवर गेलं. भाकरी, आंघोळीचं पाणी आणि सणासुदीचा मोठा स्वयंपाक मात्र चुलीवरच राहिला. आमच्याकडे पऱ्हाट्या, तुराट्या, बाभळीची लाकडं, गोवऱ्या घरच्याच असतात. सिलिंडर भरायला रोख पैसा लागतो. म्हणून चूल अजून पुष्कळ वर्षं राहणार असं धरून चालावं आणि ती नीट घालावी, असं माझं मत आहे.

सरकारने हा प्रयत्न पूर्वी केला आहे. सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम 1983 च्या शेवटी सुरू झाला आणि 2002 मध्ये केंद्राने तो बंद केला. पुण्याच्या आरती संस्थेची दोन भांड्यांची, धुराड्याची लक्ष्मी चूल त्या काळात महाराष्ट्रात बऱ्याच घरांत गेली. वर्ध्याच्या मगन चुलीचं नाव जुन्या कार्यकर्त्यांच्या तोंडी अजून आहे. चुलींचा आराखडा चांगला होता. पण कितीतरी घरांत धुराड्याची नळी छपराखालीच संपली, काजळीने तुंबली, मग बाईने वैतागून ती काढून टाकली. ओडिशात वाटलेल्या अशाच चुलींची अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो, रीमा हॅना आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी चार वर्षांपर्यंत पाहणी केली. पहिल्या वर्षी नाकातोंडात जाणारा धूर कमी झाला, पुढे फरक उरला नाही, कारण लोकांनी चुली नीट वापरल्या नाहीत आणि डागडुजी केली नाही. चूल घालणारा गवंडी पैसे घेऊन गेला की पुन्हा फिरकत नाही, हे त्यामागचं एक मोठं कारण आहे, हे मी इथे रोज बघते.

धुराड्याचं काम साधं आहे. गरम हवा हलकी असते, ती नळीतून वर चढते आणि तिच्या मागे चुलीच्या तोंडातून ताजी हवा ओढली जाते. नळी जितकी उंच आणि सरळ, तितकी ओढ जास्त. घरच्या चुलीला 4 इंची नळी पुरते. काटकोनात कोपर घातला की ओढ मेली. वळवायचीच असेल तर तिरपी वळवा आणि वळणाच्या खाली काजळी काढायला झाकणाचं तोंड ठेवा.

वर किती काढायची? अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या संहितेत एक हिशेब आहे, तो आमच्या बालाघाटच्या डोंगरातल्या वाऱ्यालाही लागू पडतो. छपरातून बाहेर पडल्यावर नळी किमान 3 फूट वर हवी, आणि आडवं 10 फुटांच्या आत जे काही उंच असेल, म्हणजे छपराचं आढं, पाण्याची टाकी, शेजारची भिंत, त्याहून 2 फूट वर हवी. नळी बुटकी राहिली की माळावरचा वारा भिंतीवर आदळून खाली वळतो आणि धूर उलटा स्वयंपाकघरात येतो. वरती पावसासाठी टोपी बसवावी, पण टोपी आणि नळीचं तोंड यांत वीतभर मोकळी जागा ठेवून.

नळी कशाची, याबाबत मी कुणाचं ऐकत नाही. पाण्याची प्लास्टिक नळी उरली म्हणून तीच लावलेली मी पाहिली आहे. ती तापून वितळते आणि तिचा धूर विषारी असतो. जुन्या कार्यक्रमात ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या नळ्या वापरल्या जात. घरात तसली असेल तर ती करवतीने कापू नका, घासू नका, त्या धुळीने फुप्फुस कायमचं बिघडतं. काळी लोखंडी किंवा भाजक्या मातीची नळी सगळ्यात बरी.

आगीची भीती खरी असते ती नळी जिथे छपराला भिडते तिथे. माळवदाच्या घरात वर लाकडी तुळया आणि फळ्या. उघड्या लोखंडी नळीपासून लाकूड दीड फूट दूर हवं, आणि माळवदात तेवढी जागा मिळतच नाही. म्हणून मी नळी दगडी किंवा विटांच्या भिंतीतून बाहेर काढते आणि बाहेरून वर नेते. बाहेर नळी गार पडते, ओढ थोडी कमी होते, काजळी जास्त धरते. म्हणून उंची जरा वाढवते आणि झाडायला बजावून सांगते. चुलीच्या मागे कडब्याची ताटी, वर दोरीवर वाळत घातलेली लुगडी, बाजूला रॉकेलचा डबा यातलं काही चुलीपासून 3 फुटांच्या आत राहू देत नाही.

चुलीला माती पोयट्याची, त्यात बारीक भुसा आणि शेण, दोन दिवस भिजवलेली. सिमेंट लावू नका, आचेने ते तडकतं आणि फटींतून धूर येतो. चूल पुरती वाळली की वैलाच्या मागच्या भोकाशी कागदाचा बोळा पेटवून धरते. ज्वाळ वाकून आत ओढली गेली, तर धुराडं चालतं. ती सरळ वर उभी राहिली, तर मी भाकरी टाकू देत नाही. आधी खिडकी उघडते, मग नळी तपासते. एका घरी हे बघून आजी म्हणाल्या, "मंग धूर गेला कुठं गं?" मी त्यांना अंगणात नेऊन वर दाखवला.

ओल्या लाकडावर मात्र माझा राग आहे. ओलं सरपण कुढत जळतं, डांबरासारखी चिकट काजळी नळीत बसते आणि एक दिवस तीच पेट घेते. बाभूळ फोडून निदान सहा महिने उन्हात वाळू द्या. महिन्यातून एकदा नळीत काथ्याचा बोळा दोरीने वर-खाली फिरवा.

धुरापेक्षाही घातकी वायू वेगळा आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो. थंडीत दार लावून निखाऱ्यांची शेगडी उशाशी घेऊन झोपलेली माणसं त्यामुळे दगावतात. न्हाणीत बंब पेटवून, आतून कडी लावून आंघोळ करणंही तितकंच धोक्याचं. डोकं जड झालं, मळमळलं, तर आधी बाहेर मोकळ्या हवेत या.

दिवाळी झाली की इथली निम्मी चुलाणं थंड होतात, कारण घरची माणसं ऊसतोडीला जातात. कारखान्याच्या तळावर पाचटाच्या कोपीत धुराडं बसवणं शक्य नाही. तिथे चूल कोपीबाहेर, वारा कोपीकडून चुलीकडे येईल अशा अंगाला, दगडाच्या आडोशाला घाला, आणि पाण्याचा भरलेला डबा जवळ ठेवा. मुकादमांनी आणि कारखान्यांनी एवढी जागा मोकळी सोडलीच पाहिजे.

घरकुलं बांधणाऱ्यांना आणि ग्रामपंचायतींनाही माझी विनंती आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराचं किमान क्षेत्र 25 चौरस मीटर ठरलं आहे आणि त्यात स्वच्छ स्वयंपाकाची जागा धरलेली आहे. त्या जागेची भिंत उठत असतानाच छताच्या खाली 6 इंचांचं भोक ठेवा. तेव्हा त्याला काही खर्च येत नाही, नंतर भिंत फोडावी लागते.