मसाई माराच्या वाटेवर : तयारी सामानाची आणि मनाची

सांगलीच्या एका हळद-व्यापारी कुटुंबात केनियाच्या सहलीचा विषय निघाला, तेव्हा पहिला प्रश्न आजींनी विचारला : “एक जीव दुसऱ्या जिवाला मारताना बघायला एवढ्या लांब जायचं?” मुलांना हसू आले, थोरल्यांना मात्र उत्तर सुचले नाही. पुढे महिनाभर घरात जी तयारी चालली, तिच्या मुळाशी हाच प्रश्न राहिला.

प्रथम काळ ठरला. साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात लाखो विल्डबीस्ट सेरेंगेटीतून मसाई मारात उतरतात. मारा नदी ओलांडताना कित्येक मगरींच्या तोंडी जातात आणि तेच पाहण्यासाठी पर्यटकांची झुंबड उडते. पण हा काळ चातुर्मासाचा. पर्युषण आणि दशलक्षण पर्वही त्यातच. म्हणून डिसेंबरअखेरचे दिवस निवडले गेले. कळप तेव्हा दक्षिणेकडे परतलेले असतात. परंतु हत्ती, जिराफ, झेब्रे आणि सिंह माराच्या गवताळ रानात बारा महिने वस्तीला असतात.

दुसरी अडचण लसीची. केनियाहून भारतात परतणाऱ्याला पीतज्वर लसीचा दाखला दाखवावा लागतो. लस अधिकृत केंद्रातच मिळते आणि दाखला टोचल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य होतो. तो नसल्यास ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. ही लस कोंबडीच्या अंड्यातील भ्रूणावर तयार होते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. या घरात ती उघडपणे बोलली गेली. साठीनंतर प्रथमच लस घेणाऱ्याला दुष्परिणामांचा धोका अधिक असतो, असे डॉक्टरांनी सांगितले आणि आजींनी घरीच राहणे पसंत केले. इतरांनी विचारपूर्वक लस घेतली. ज्याला ती मान्य नसेल, त्याने हा बेतच न करणे अधिक प्रामाणिक.

मग शिधा. खाकरे, भडंग, मेतकूट, भाजलेले पीठ हे सारे नेहमीप्रमाणे प्लास्टिकच्या पिशव्यांत भरण्याची सोय नव्हती. केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून अशा पिशव्यांवर कडक बंदी आहे. स्टीलचे डबे आणि कापडी पिशव्या निघाल्या. नैरोबीहून माराला जाणाऱ्या लहान विमानांत माणशी सुमारे १५ किलोच सामान चालते, तेही मऊ पिशवीत. त्यामुळे डबे मोजून घ्यावे लागले.

तंबूनिवासाच्या आचाऱ्यासाठी स्वाहिली शब्दांची चिठ्ठी तयार झाली : न्यामा म्हणजे मांस, मायाई अंडी, असाली मध, वितुंगू कांदे, वितुंगू सौमू लसूण, वियाझी बटाटे, आणि या प्रत्येकापूर्वी ‘बिला’, म्हणजे ‘शिवाय’. मारा विषुववृत्ताजवळ असल्याने तेथे वर्षभर साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. सायंकाळची रानफेरी तोवर चालते आणि जेवण त्यानंतर मांडले जाते. रात्रिभोजन वर्ज्य असणाऱ्यांनी फेरी लवकर संपवणे किंवा डबा बरोबर घेणे आधीच कळवलेले बरे. नैरोबीत अडचण कमी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जामनगर परिसरातील ओसवाल व्यापारी पूर्व आफ्रिकेत गेले आणि त्यांच्यामुळे तेथे जैन मंदिरे व शुद्ध भोजन या गोष्टी अपरिचित नाहीत.

मारा समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० मीटर उंचीवर आहे. पहाटेच्या उघड्या गाडीसाठी स्वेटर हवाच. मलेरियाप्रतिबंधक औषध डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. पुष्कळ कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असते. त्यामुळे गोळीच्या रूपातील औषध चालेल का, तेही विचारावे.

निघण्याच्या आदल्या रात्री आजींच्या प्रश्नाचे उत्तर वडिलांनी मुलांना दिले. सिंहाला दुसरा आहार नाही. माणसाला निवड आहे. चित्ता दिवसा शिकार करतो. भोवती गाड्यांचा गराडा पडला की त्याची शिकार हुकते आणि पिल्ले उपाशी राहतात. वाहनांची वर्दळ असलेल्या भागात चित्त्याची पिल्ले कमी जगतात, असे अभ्यासकांना माऱ्यातच आढळले आहे. हिंसा करायला हात उचलावा लागतोच असे नाही. “आणखी जवळ घ्या” एवढा आग्रहही पुरतो.

आजींनी ते ऐकले आणि डब्यांच्या पिशवीला गाठ मारताना एवढेच म्हणाल्या, “मग गाडी लांबच उभी करायला सांगा.”