गवताची दोरी

हत्ती हा बालसाहित्याचा लाडका नायक. त्याचे अवाढव्य शरीर मुलांना भुरळ घालते आणि त्याचे शहाणपण मोठ्यांना. रड्यार्ड किपलिंग यांच्या १८९४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द जंगल बुक’ या पुस्तकात मोगलीच्या शेजारीच ‘तूमाई ऑफ द एलिफंट्स’ ही कथा आहे. मोगली घरोघरी पोहोचला; माहुताचा दहा वर्षांचा मुलगा तूमाई मात्र आमच्या मुलांना फारसा ठाऊक नसतो. म्हणून नाताळच्या सुटीत आम्ही ही कथा त्यांना आवर्जून वाचून दाखवितो.

कथेतील हत्तीचे नाव काळा नाग. सरकारची ४७ वर्षे चाकरी करून तो सत्तरीच्या घरात आलेला. एका रात्री एका बेभान नव्या हत्तीला बांधण्यासाठी तूमाईचे वडील काळा नागच्या पायातील साखळी काढून घेतात. तिच्या जागी केवळ गवताची दोरी गुंडाळतात आणि ‘तू पक्का बांधलेला आहेस’ असे त्याला बजावतात. आजवर तो हे निमूटपणे मानत आलेला असतो. त्या रात्री मात्र तो दोरी सहज तोडून अरण्यात निघतो. तूमाई त्याला हाक मारतो. हत्ती परत फिरतो, त्याला पाठीवर घेतो आणि कोणाही माणसाने न पाहिलेले हत्तींचे नृत्य त्याला दाखवितो. पहाट होताच तो मुलासह तळावर परततो.

या कथेवर १९३७ साली ‘एलिफंट बॉय’ हा चित्रपट निघाला. रॉबर्ट फ्लाहर्टी आणि झोल्टन कोर्डा हे त्याचे दिग्दर्शक. भारतातील चित्रीकरण म्हैसूर संस्थानात झाले आणि तेथीलच साबू हा माहुताचा मुलगा तूमाई झाला. पुढे तो परदेशात मोठा नट म्हणून गाजला. पडद्यावर कथा बरीच बदलली. चित्रपटात तूमाईच्या वडिलांना वाघ मारतो. काळा नाग शोकाने वेडापिसा होतो. नवा माहूत त्याला छळतो. हत्ती त्या माहुताला जखमी करतो आणि मग हत्तीलाच ठार मारण्याची मागणी होते. पुस्तकात यातले काहीच नाही.

आम्हां यवतमाळकरांना मात्र पडद्यावरचा हा बदल निव्वळ कल्पित वाटत नाही. २०१८ साली पांढरकवडा-राळेगाव परिसरात टी-१ वाघिणीची दहशत होती. १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. तिच्या शोधासाठी मध्य प्रदेशातून आणि ताडोब्याहून हत्ती आणले गेले. ऑक्टोबरमध्ये ताडोब्याचा गजराज साखळदंड तोडून निघाला आणि राळेगाव तालुक्यातील चहांद गावी एका स्त्रीचा त्याने जीव घेतला. त्यानंतर हत्तींना मोहिमेतून हटविण्यात आले. २ नोव्हेंबरच्या रात्री वाघीण गोळीला बळी पडली.

तेव्हापासून ही कथा वाचताना गवताच्या दोरीपाशी आमचा आवाज अडखळतो. ‘मग गजराज दुष्ट होता का?’ असे मुले विचारतात. हत्तीच्या मनात त्या पहाटे काय होते, हे सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही. यवतमाळच्या रानात हत्ती नसतात. तो येथे आपल्या पायांनी नव्हे, माणसाच्या हुकमाने आला होता, एवढे आम्ही मुलांना सांगतो. पण ज्या घरातील माउली गेली, त्या घराच्या उंबऱ्यावर उभे राहून हत्तीची कैफियत मांडण्याचे धाडस आम्हांला होणार नाही, हेही सांगतो. तिला ना वाघिणीच्या शोधाशी कर्तव्य होते, ना हत्तीच्या साखळीशी.

मुलांना केवळ हत्तींचे नृत्य सांगावे आणि साखळदंड झाकून ठेवावा, हे आम्हांला रुचत नाही. किपलिंग यांनीही तो झाकलेला नाही. काळा नाग परत येतो तो साखळीकडेच. चाकरीतला प्राणी आज्ञा पाळतो, तेव्हा आपण त्याला शहाणा म्हणतो. पाळत नाही, तेव्हा पिसाळलेला. दोरी गवताची असो वा लोखंडाची, ती बांधणारा हात आपला असतो. तुटल्यावर तिची किंमत मात्र बहुधा असा कोणी मोजतो, ज्याने ती कधी बांधलेलीच नसते.