राहण्याजोगे गाव

गेल्या वर्षभरापासून आमच्या घरात एका प्रश्नाने मुक्काम ठोकला आहे. सिडकोतील घर विकावे आणि पुण्याला मुलीच्या शेजारी जाऊन राहावे, की जेथे आहोत तेथेच उरलेले दिवस काढावेत? मुलीचे मत ठाम आहे. "पप्पा, हे वय का बादल्या मोजत बसायचं?" असे ती फोनवर विचारते. पत्नीचे मत त्याहून ठाम आहे आणि ते ती फोनवर सांगत नाही. राहता राहिलो मी. माझे मत नळाला पाणी कधी आले त्यावर ठरते. पाणी आल्याच्या संध्याकाळी हे शहर मला राहण्याजोगे वाटते. टाकीचा तळ दिसू लागला की मी पुण्यातील घरांच्या जाहिराती वाचू लागतो. म्हणून एक उद्योग आरंभिला. जो भेटेल त्याला विचारीत सुटलो, "काय हो, हे गाव राहायला कसे?" निवृत्त माणसाला वेळेची वाण नसते, आणि या प्रश्नाला ज्याच्यापाशी उत्तर नाही असा मनुष्य मला अजून भेटलेला नाही.

वेरूळ-अजिंठ्याच्या सहलीत एका रात्रीपुरतेच हे शहर पाहिलेल्या वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी येथे हे नगर वसविले. १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून पुन्हा आला आणि पुढे नगराला त्याचे नाव मिळाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राच्या मान्यतेनंतर ते छत्रपती संभाजीनगर झाले. सप्टेंबर १९४८ पर्यंत सारा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे महाविद्यालय उभे केले, १९५८ मध्ये विद्यापीठ आले, १९८१ मध्ये उच्च न्यायालयाचे खंडपीठ. कारखाने चिकलठाण्यात होतेच. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या मागे सुटे भाग करणारे शेकडो लहान कारखानदार आले. १९७१ मध्ये दीड लाखाच्या आसपास वस्ती असलेल्या शहरात २०११ च्या जनगणनेला पावणेबारा लाख माणसे मोजली गेली. म्हणजे मी ज्यांना ज्यांना प्रश्न विचारला त्यांतील बहुतेक जण स्वतः, नाहीतर त्यांचे वडील, कोठून तरी येथे आलेले होते.

मीही त्यांतलाच. १९८७ साली वसईहून वाळूजच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये रुजू झालो. आमच्या वाडीत बावखल होते, विहिरीचे पाणी पावसाळ्यात हाताने घ्यावे इतके वर येई. येथे पहिल्या जूनमध्ये मी आईला पत्रात लिहिले होते की या मुलखात पाऊस पाहुण्यासारखा येतो, चहा घेतो आणि निघतो. दोन वर्षे अनुभव घेऊन परतायचे, असा माझा बेत होता. आमच्या खोलीवर राहणाऱ्या पाचही जणांचा तोच बेत होता. त्यांतील तिघे आज येथेच घरे बांधून आहेत आणि तिघेही या गावाला नावे ठेवतात.

पत्नी वैजापूर तालुक्यातील. तिच्या लहानपणी 'शहर' म्हणजे हेच. घाटीचे मोठे सरकारी इस्पितळ, शहागंजचे घड्याळ आणि सिनेमाचे फलक. १९७२ च्या दुष्काळात ती नऊ वर्षांची होती. आईवडील दुष्काळी कामावर खडी फोडीत, आणि ती धाकट्या भावाला काखेत घेऊन सुकडी मिळण्याची वाट पाहत बसे. आटलेल्या विहिरीत उतरून वाटीने घागर भरल्याचे ती आजही सांगते. ज्या बाईने वाटीने घागर भरली आहे तिला घरातील नळाला आठवड्याने पाणी येते याची तक्रार सांगून पाहावी! ती म्हणते, "येतं ना?" मी वसईची विहीर मनात धरून या शहराचे माप काढतो, ती तिच्या गावची. एकाच छपराखाली हा खटला अडतीस वर्षे चालू आहे.

पाण्याविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण माझ्या प्रश्नाला मिळालेल्या दहांपैकी आठ उत्तरांची सुरुवात तेथूनच झाली. पैठणचे जायकवाडी धरण येथून सुमारे पन्नास किलोमीटरवर. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली, १९७६ मध्ये ते पूर्णत्वास गेले. नाथसागराची एकूण साठवण शंभर टीएमसीहून अधिक. एवढा सागर उशाशी असून शहर तहानलेले का, असे परगावचा मनुष्य विचारतो. पाणी धरणात खाली आणि शहर वर. ते उपसून, टप्प्याटप्प्याने चढवून आणावे लागते. जलवाहिन्या जुन्या, वस्ती आठपट. खासगी सहभागाची 'समांतर' योजना आली आणि २०१६ मध्ये मोडली. डिसेंबर २०२० मध्ये १,६८० कोटींच्या नव्या योजनेचे भूमिपूजन झाले. तिचा खर्च पुढे सत्तावीसशे कोटींच्या वर गेला. पैठण रस्त्याच्या कडेला तिचे पाईप पडलेले असत. मनुष्य उभा राहील एवढे त्यांचे तोंड. माझा नातू त्यातून धावत जाऊन पलीकडून मला हाका मारी.

पाणी ही येथे केवळ गैरसोय नाही. २०१६ च्या दुष्काळात खंडपीठाला येथील मद्याच्या कारखान्यांचे पाणी कापण्याचा आदेश द्यावा लागला. मे २०१८ मध्ये शहागंज, राजाबाजार भागात दंगल उसळली, दुकाने जळाली, माणसे दगावली. तिच्या कारणांत नळजोड तोडण्यावरून झालेला वादही होता, असे तेव्हा छापून आले. एका तोटीवरून शेजारी शेजाऱ्याचा वैरी होऊ शकतो, हे मी आमच्या गल्लीतही पाहिले आहे. मात्र टँकर आला की कोणाच्या घरी आजारी माणूस आहे त्याचे पिंप आधी भरायचे, हा नियम त्याच गल्लीने कोणी न सांगता पाळलेला आहे.

या बाबतीत सर्वांत कडू उत्तर मिळाले ते बेगमपुऱ्यातील एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडून. त्यांचे घराणे कित्येक पिढ्यांचे येथील. ते सिडकोला शहर मानतच नाहीत. दरवाजांच्या आत ते शहर, बाहेर ती वसाहत. त्यांनी मला नहर-ए-अंबरीची गोष्ट सांगितली. डोंगरपायथ्याचे भूगर्भातील पाणी अडवून मलिक अंबराने ते जमिनीखालच्या नहरीने, पंपाविना, केवळ उताराच्या बळावर शहरात आणले होते. पुढे अशाच नहरींच्या पाण्यावर पाणचक्कीचे जाते फिरे आणि यात्रेकरूंसाठी धान्य दळले जाई. "चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाला जमलं," ते म्हणाले, "आणि आमच्या पोरांना त्या नहरीवर इमारती बांधणं जमलं." मग बराच वेळ ते गप्प राहिले. त्यांचे दोन्ही मुलगे आखाती देशांत आहेत. तुम्ही का जात नाही, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी सुनेला आतून चहा आणायला सांगितले. उत्तर दिले नाही.

इतरांची मते थोडक्यात सांगतो. धुणीभांडी करणाऱ्या, जालना जिल्ह्यातून मुकुंदवाडीला येऊन राहिलेल्या बाईंच्या मते हे गाव सोन्याचे. कारण मुलगी येथे शिकून परिचारिका झाली. वाळूजला छोटे वर्कशॉप चालविणाऱ्या मित्राच्या मते कामगार हुशार, जागा पुण्यापेक्षा स्वस्त, पण बड्या कारखान्याची मागणी शिंकली की आपल्याला ताप येतो. शेंद्रा-बिडकीनच्या नव्या औद्योगिक नगरीकडे तो मोठ्या आशेने पाहतो. पूर्वीही त्याने अशाच आशेने कर्ज काढले होते. रिक्षावाल्याला मी पुण्याचे नाव सांगताच तो म्हणाला, "पूना? नक्को साहब, वहाँ सलाम का जवाब बी नै मिलता." नाटकवेड्या शेजाऱ्याचे दुःख निराळे. 'जिगीषा' येथे जन्मली आणि तिची मंडळी मुंबईला जाऊन मोठी झाली, याचा त्यांना अभिमान आणि राग दोन्ही आहेत.

नावाविषयीही मी विचारले. एकाला जुने नाव जिभेवरून जात नाही, दुसऱ्याला नवे उच्चारताना छाती फुगल्यासारखे वाटते. दोघे एकाच कार्यालयात शेजारी बसून जेवतात आणि त्या विषयावर बोलत नाहीत. हे शहाणपण मला आवडले.

माझा भाचा अमेरिकेत इंडियाना राज्यातील फोर्ट वेन येथे असतो. अडीच लाखांवर वस्तीचे मध्यम शहर. त्याला मी हा उद्योग सांगितला तेव्हा तो हसला. तेथेही लोक हेच म्हणतात, म्हणे. घर परवडते, मुले वाढवायला गाव चांगले, पण करायला काही नाही, तरुण शिकागोला निघून जातात. आणि हे म्हणणारे तीस-तीस वर्षे तेथेच असतात. तहान तेवढी तेथे नाही.

माणसाने कोठे राहावे हे हुकुमाने ठरविण्याचा प्रयोग आमच्या उंबरठ्यावरच झालेला आहे. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीच्या लोकांना येथून जवळच्या दौलताबादला आणले आणि काही वर्षांनी परतीची मुभा दिली. इतिहासाची पुस्तके परतणाऱ्यांविषयी लिहितात. मला न परतलेल्यांविषयी कुतूहल आहे. त्यांची दख्खनी बोली आणि त्यांचा नान-खलिया आजही येथे आहे.

आमच्या धर्मग्रामातही हाच मेळा. वैजापूर-गंगापूरकडचे, केरळचे, गोव्याचे आणि वसईचे आम्ही मोजके. रविवारी मिस्सानंतर अंगणात मी प्रश्न टाकला आणि अर्धा तास वाद झाला. तरुण एका आवाजात "पुणे" म्हणाले. एक वृद्ध गृहस्थ तेवढे म्हणाले की आता राहण्याचा नव्हे, पुरण्याचा विचार करायच्या वयात आपण आलो आहोत. सर्व हसले. मी हसलो नाही, कारण त्याच आठवड्यात पत्नी तेच बोलली होती. "तुमचे आईबाप वसईच्या मातीत, माझे इथल्या. पुण्यात आपलं कोण आहे?" मुलगी आहे, असे मी म्हणालो. "ती आहे," पत्नी म्हणाली, "पण तिचं भाड्याचं घर आहे, आणि जावयाची बदली बंगळूरला होणार म्हणतात." ही बदलीची गोष्ट मला ठाऊक नव्हती. मुलीने ती आईला सांगितली होती, मला नाही.

तो मुद्दा मात्र निर्णायक ठरला. मुलीच्या मागे पुण्याला जायचे आणि ती निघाली की तेथे परके म्हणून उरायचे, याला अर्थ नव्हता. दलालाला मी नाही म्हणून कळविले. त्याने दोन लाख वाढवून सांगितले. ते ऐकून माझ्या मनात थोडी चलबिचल झाली. शेवटी बाहेरच्या टाकीशेजारी आणखी एक हजार लिटरची टाकी बसविली आणि गुडघ्यांसाठी जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा लावून घेतला. मुलगी रागावली आहे. नाताळला ती मुलांना घेऊन येईल तेव्हा पुन्हा विषय निघेलच. समृद्धी महामार्गामुळे मुंबई आता जवळ आली, पुण्याचा रस्ता मात्र पूर्वीइतकाच लांब आहे, हे तिचे म्हणणे खरे आहे. जावयाची बदली झाली तर तर आणखीच लांब. त्याचे काय करायचे, हे आम्हां दोघांनाही अजून सुचलेले नाही.