ओसाड की निर्जन?

वाचकहो, भाषांतरकार फसतो तो अवघड शब्दांनी नव्हे, सोप्या शब्दांनी. दक्षिण अटलांटिक महासागरातील बूव्हे बेटाविषयीचा मजकूर मी नुकताच मराठीत आणीत होतो. सर्वांत जवळची भूमी अंटार्क्टिकाची, तीही सुमारे १,७०० किलोमीटर दूर. क्षेत्रफळ अवघे ४९ चौरस किलोमीटर, त्यातील नऊ-दशांशाहून अधिक बर्फाखाली. १७३९ साली बूव्हे या फ्रेंच दर्यावर्दीला ते धुक्यातून दिसले. परंतु स्थान चुकीचे नोंदले गेल्याने पुढे कॅप्टन कुकलाही ते सापडले नाही. मी निःशंकपणे लिहिले, 'ओसाड बेट'.

पुढच्याच परिच्छेदात लेखणी अडखळली. या बेटाला बहुतेक सर्व बाजूंनी उभे कडे. पाय टेकावा असा किनारा दुर्मिळ. १९५५ ते १९५८ या काळात केव्हातरी पश्चिमेकडील कडा कोसळला आणि समुद्रालगत दगडधोंड्यांचा सखल पट्टा तयार झाला. ते पाहायला तेथे कोणी नव्हते. नॉर्वेच्या लोकांनी त्याला नाव दिले 'न्यूरॉयसा', म्हणजे दगडांचा नवा ढीग. त्याच ढिगावर आज पेंग्विन अंडी उबवितात आणि हजारो सील माद्या पिलांना दूध पाजतात.

मी 'ओसाड' खोडून 'निर्जन' लिहिले. तेथे माणसाची वस्ती नाही, एवढेच खरे. वाचकहो, जेथे आपण नाही तेथे संसारच नाही, असे आपण किती सहज समजून चालतो!