बाबांचा काळा पडदा

माझ्या माहेरी, डोंबिवलीला, एक संगणक आहे. बाबांनी निवृत्त झाल्यावर २०१३ साली लॅमिंग्टन रोडवर दोन दिवस फिरून, एकेक भाग पारखून तो जुळवून घेतला. बाबांच्या डोळ्याच्या पडद्याचा विकार आहे, मधलं सगळं पुसट दिसतं. म्हणून चोवीस इंची स्क्रीन आणि त्यावर बोटभर अक्षरं. त्याच स्क्रीनवर गेली अकरा वर्षं ते सोसायटीचे हिशेब लिहितात. आई गेल्यापासून तर दिवसातला तोच त्यांचा विरंगुळा.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला आणि विंडोज ११ एवढ्या जुन्या यंत्रावर चालेना. शेजारच्या कॉलेजकुमाराने मोठ्या उत्साहाने लिनक्स टाकून दिलं. जाताजाता म्हणाला, "आजोबा, ग्राफिक्स कार्डाचा सगळ्यात नवा ड्रायव्हरही टाकलाय." ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि संगणक यांच्यातला दुभाषा. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, तर स्क्रीन काळीकुट्ट. कोपऱ्यात एक रेघ तेवढी लुकलुकत होती.

दुकानदाराने फोनवरच निकाल दिला, "मॅडम, भंगारात द्या." कार्ड काढून टाकावं, तर या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही. म्हणजे कार्ड नाही तर चित्रच नाही. नवा संगणक घ्यायचं मी सुचवलं. बाबा काहीच बोलले नाहीत. त्यांचा नकार असाच असतो.

तेवढ्यात सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. "काका, डिसेंबरची बिलं यंदा एजन्सीकडे देऊ या का? तुम्हालाही आराम." बोलणं प्रेमाचंच होतं. पण फोन ठेवल्यावर बाबा बंद स्क्रीनसमोर हात मांडीवर ठेवून बसून राहिले. त्या शनिवारी मी मुक्कामाची पिशवी घेऊनच माहेरी गेले.

माझी पदविका पत्रकारितेची, संगणकाची नव्हे. पण बातमीदाराची एक सवय कामी आली: सांगणाऱ्याचं ऐकायचं, पण कागद स्वतः बघायचा. संगणक सुरू होतानाच कळ दाबून मी दुरुस्तीचा मेनू उघडला आणि तिथल्या साध्या अक्षरांच्या पडद्यावर 'एलएसपीसीआय' ही आज्ञा दिली. त्यातून आत बसवलेल्या चिपचं खरं नाव कळतं. आणि इथेच गोम होती! खोक्यावरचं नाव एकच असलं, तरी आतली चिप दोन वेगवेगळ्या पिढ्यांची असू शकते. आमची निघाली थोरल्या पिढीतली. कंपनीने तिचा आधार कधीच थांबवलेला. नवा ड्रायव्हर तिला ओळखतच नव्हता. वर त्याने लिनक्समधल्या मूळच्या ड्रायव्हरलाही दार बंद केलं होतं. नवी सून आली आणि स्वयंपाकघराची किल्ली घेऊन बाहेर गेली, तसा प्रकार. (सुनांनो, राग मानू नका, मीही सूनच आहे.)

तो मूळचा ड्रायव्हर म्हणजे 'नुव्हो'. फ्रेंचमध्ये याचा अर्थ 'नवा'. कंपनीची कागदपत्रं हाती नसताना हौशी मंडळींनी कार्ड कसं वागतं ते बघून बघून तो लिहिला, आणि २०१०मध्ये तो लिनक्सच्या गाभ्यात आला. जुन्या कार्डाचा पूर्ण वेग त्याला काढता येत नाही, खेळांसाठी तो नव्हेच. पण आमच्याकडे खेळायचं कोणाला होतं?

कंपनीचा ड्रायव्हर मी मुळासकट काढला. एक अक्षर चुकलं, पुन्हा टंकलं. रात्रीचे साडेअकरा झाले होते. बाबा शेजारी स्टुलावर बसून होते, झोपायला जा म्हटलं तरी हलेनात. संगणक पुन्हा सुरू केला. काळोख. मग एकदम निळसर उजेड, पूर्ण स्क्रीनभर, कडेपासून कडेपर्यंत.

बाबांनी खुर्ची पुढे ओढली. हिशेबाची जुनी एक्सेलची फाइल मी लिब्रेऑफिसमध्ये उघडून दिली, अक्षरं मोठी केली. त्यांनी मान जरा तिरकी केली, डोळ्याच्या कडेने बघायची त्यांची सवय आहे, आणि बोट एका ओळीवर ठेवलं.

"हे बघ, तिसऱ्या मजल्यावरच्यांचं सप्टेंबरचं पार्किंग दोनदा धरलंय. सकाळी आठवण कर, सेक्रेटरींना फोन करायचाय."