अबोल बाप, हुशार लेक

रहस्यमालिकेत बाप आणि त्याचे हुशार अपत्य यांच्यात अबोला असला, की लेखकाचे निम्मे काम आपोआप होते. रहस्यात कोणीतरी माहिती दडवावी लागते आणि ती का दडवली, हे पटावेही लागते. शेजारी गप्प बसला तर प्रेक्षक लगेच त्याच्यावर संशय घेतो. बाप मुलाशी बोलत नाही, याचे मात्र मराठी घरात कोणाला नवल वाटत नाही. माहिती बापाकडे, ती उलगडण्याची बुद्धी लेकाकडे आणि मधले बोलणे बंद, एवढ्या भांडवलावर मालिका उभी राहते.

झी मराठीवर फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झालेली ‘रात्रीस खेळ चाले’ हे याचे ठळक उदाहरण. कोकणातल्या आकेरी गावी नाईकांच्या वाड्यात अण्णा सुरुवातीलाच मरतात, म्हणजे अबोला कायमचा होतो. मुंबईत राहणारा थोरला माधव लेखक आहे. दुसऱ्यांच्या गोष्टी रचणाऱ्या या माणसाला स्वतःच्या घराची गोष्ट ठाऊक नसावी, ही योजना फार नेमकी आहे. मुलुंड-भांडुपच्या चाकरमान्यांना ती वेगळी समजावून सांगावी लागली नाही. शिकून मुंबईला गेलेला मुलगा आणि गावच्या घरात राहिलेला बाप हे अंतर त्यांच्या परिचयाचे होते. २०१९ मध्ये आलेल्या दुसऱ्या पर्वाने काळ मागे नेला आणि अण्णांना जिवंत दाखवले. माधव अभ्यंकरांनी ते उभे केले, लोकप्रियता प्रचंड मिळाली. पण बाप समोर आल्यावर रहस्य पातळ झाले. आता उत्सुकता उरली ती त्याच्या दुष्टपणाची. गमावले काय, हे पटकथा लिहिणाऱ्याला चटकन कळते.

‘सीआयडी’ने हीच मांडणी उलटी केली. शिवाजी साटम यांचा एसीपी प्रद्युम्न शोध घेणारा, तर त्याचा मुलगा नकुल गुन्हेगारीत गेलेला. अखेर तो बापाच्याच गोळीने मरतो. दर आठवड्याला नवा गुन्हा सोडवणाऱ्या मालिकेत असे घरगुती दुःख क्वचितच डोकावते, आणि म्हणूनच लागते. अमेरिकेतल्या ‘फ्रिंज’ने (२००८ ते २०१३) याहून धाडसी वाट घेतली. वॉल्टर बिशप हा शास्त्रज्ञ सतरा वर्षे मनोरुग्णालयात आहे; त्याला बाहेर काढायला पीटर या दुरावलेल्या, तितक्याच बुद्धिमान मुलाची गरज पडते. पुढे कळते, की पीटर मुळात दुसऱ्या विश्वातून पळवून आणलेला आहे. तिथे दुरावा रहस्यावर पांघरूण घालत नाही. दुराव्याचे मूळ हेच रहस्य आहे. या तिन्हींत सर्वांत कसदार बांधणी हीच.

दुरावा दाखवताना सर्वांत जास्त घसरण संवादांत होते. अनेक वर्षांनी भेटलेले बाप-लेक समोरासमोर उभे राहून जुने हिशेब मांडू लागले, की प्रसंग नाटकी होतो. खरी घरे आईमार्फत बोलतात. ‘त्यांना सांग, जेवण झालंय’ हे बाप शेजारच्या खुर्चीत असताना म्हटले जाते. कोकणातल्या वाड्यात टाळायला पडवी, माजघर, परसू असते. मुलुंडच्या वन-बीएचकेत ती सोय नाही. तिथे लाल बहादूर शास्त्री मार्गावरच्या एखाद्या कारखान्यातली बापाची रात्रपाळी हे काम करते. एकाच घरात राहून दोघे एकमेकांना आठवडाभर न भेटणे त्यामुळे शक्य होते, आणि सेटही एकच लागतो, हे निर्मात्याला विशेष आवडते.

अपत्याची हुशारी सांगून भागत नाही. ‘लहानपणापासून पहिला नंबर’ हे वाक्य फुकट जाते. त्याने पाहता पाहता काहीतरी ओळखले पाहिजे. ती नजर बापाकडूनच आलेली असली, तर अधिक उत्तम, कारण मग जे त्याला सर्वत्र दिसते ते नेमके घरात का दिसत नाही, हा प्रश्न धार धरतो.

दैनंदिन मालिकेत इथेच पेच पडतो. टीआरपी चढता असला, की ट्रॅक लांबवायचा हुकूम येतो आणि उत्तर पुढे ढकलायचे म्हणून हुशार मुलाला हळूहळू मूर्ख केले जाते. समोर पडलेले पत्र तो वाचत नाही, दार उघडे असून आत जात नाही. यावर एक उपाय चालतो: बाहेरची लहान कोडी त्याला दर काही भागांत सोडवू द्यावीत आणि बापाने सांगायच्या गोष्टी एकेक करून, दर वेळी अपुऱ्या, सुटू द्याव्यात. समेट मात्र उलगड्याच्या आधी नको. दोघे बोलू लागले, की दडवायला कारण उरत नाही आणि आधीच चित्रित करून ठेवलेले उरलेले भाग नुसते रडारडीत संपतात.